कृपा : एक शब्द आणि एक नाव

नावे निरनिराळ्या कारणांनी पडतात. काही नावे अंगच्या गुणावरून पडतात, तर काही हातून घडलेल्या पराक्रमावरून. या दोन्ही प्रकारांची उदाहरणे पाहण्यास आमचे लोणार हे एकच गाव पुरेसे आहे. बुलढाणा जिल्ह्यातील या गावाजवळ हजारो वर्षांपूर्वी प्रचंड अशनिपात झाला आणि काळ्या बेसाल्ट खडकात सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे वर्तुळाकार विवर निर्माण झाले. त्या विवरात साचलेल्या सरोवराचे पाणी खारे आहे. पूर्वी या पाण्यातील क्षार गोळा करून लोक नाना कामांसाठी नेत असत. खाऱ्या वस्तूला संस्कृतात लवण म्हणतात. प्राकृत बोलणाऱ्यांच्या तोंडी त्याचे लोण झाले. आपल्या ताटातले लोणचे आणि आमचे लोणार ही दोन्ही त्याच लवणाची लेकरे होत. म्हणजे लोणार हे नाव अंगच्या गुणावरून पडले.

गावातील दैत्यसूदनाचे मंदिर हे दुसऱ्या प्रकारचे उदाहरण आहे. लवणासुर नावाचा एक दैत्य येथे भूमीखाली दडून राहत असे आणि लोकांना छळीत असे. विष्णूने त्याचा वध केला, म्हणून विष्णूला दैत्यसूदन हे नाव मिळाले, अशी कथा सांगतात. सूदन म्हणजे संहार करणारा. हे नाव पराक्रमावरून पडले.

परंतु नावांचा आणखी एक प्रकार आहे. तो विरळा असला तरी मोठा विचार करण्याजोगा आहे. अशा नावात ज्याचे नाव त्याचा गुणही नसतो आणि त्याचा पराक्रमही नसतो. दुसऱ्या कोणी त्याच्यासाठी काय केले, याची ती आठवण असते. या प्रकारातील सर्वांत जुन्या आणि सर्वांत प्रसिद्ध नावांपैकी एक महाभारतात आहे. ते नाव म्हणजे कृप.

कौरव-पांडवांचे गुरू म्हटले की आपल्याला द्रोणाचार्य आठवतात. द्रोणाचार्य हस्तिनापुरात येण्यापूर्वी त्या राजपुत्रांना धनुर्विद्येचे पहिले धडे कृपाचार्यांनी दिले होते, हे पुष्कळांच्या लक्षात नसते. या कृपाचार्यांच्या जन्माची कथा आदिपर्वात आली आहे. गौतम ऋषींच्या वंशात शरद्वान नावाचे तपस्वी होते. त्यांचे चित्त वेदाध्ययनापेक्षा धनुर्वेदात अधिक रमे. त्यांना एक मुलगा आणि एक मुलगी अशी जुळी अपत्ये झाली. पण शरद्वान आपला आश्रम सोडून निघून गेले होते. आपल्याला अपत्ये झाली आहेत, हे त्यांना ठाऊकही नव्हते. ती दोन तान्ही बालके शर नावाच्या उंच गवताच्या बेटात उघड्यावर पडून राहिली.

त्या सुमारास हस्तिनापूरचा राजा शंतनू मृगयेसाठी त्या वनात आला होता. त्याच्या एका सैनिकाच्या दृष्टीस ती बालके पडली. जवळच धनुष्यबाण आणि काळविटाचे कातडे पडलेले होते. त्यावरून ही धनुर्वेद जाणणाऱ्या कोणा ब्राह्मणाची मुले असावीत, असा तर्क त्याने केला; परंतु पित्याचे नाव, कुळ, गाव यांपैकी काहीच कळण्यास मार्ग नव्हता. सैनिकाने ती बालके राजाला नेऊन दाखविली. राजाच्या मनात कृपा उत्पन्न झाली. ही माझीच मुले होत, असे म्हणून तो त्यांना घरी घेऊन गेला. त्याने त्यांचे संस्कार केले आणि त्यांना वाढविले. आपण यांना कृपेने वाढविले, म्हणून त्याने मुलाचे नाव ठेविले कृप आणि मुलीचे नाव ठेविले कृपी. पुढे शरद्वानांना सर्व हकीकत कळली. त्यांनी येऊन मुलाला त्याचे गोत्र सांगितले आणि आपली सारी धनुर्विद्या दिली. कृपीचा विवाह द्रोणाशी झाला. अश्वत्थामा हा तिचा पुत्र.

येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. नाव ठेवण्याच्या वेळी ती बालके काही दिवसांचीच होती. त्यांच्या अंगी कृपा आहे की नाही, हे कोणाला ठाऊक असणार? म्हणजे नाव मुलाचे आणि गुण राजाचा. कोणी त्या मुलाला हाक मारली की प्रत्येक हाकेसरशी शंतनूच्या त्या एका कृतीची आठवण होई.

आता कृपा या शब्दाकडे वळू. आज हा शब्द आपण बहुधा वरून खाली येणाऱ्या प्रसादाच्या अर्थी वापरतो. देवाची कृपा, गुरूची कृपा, थोरामोठ्यांची कृपादृष्टी, असे आपण म्हणतो. यंदा पावसाची कृपा झाली, असेही शेतकरी म्हणतो. या सर्व प्रयोगांत देणारा मोठा आणि घेणारा लहान असतो. पण शब्दाचे मूळ शोधीत गेल्यास वेगळेच दृश्य दिसते. वैदिक भाषेत कृप् या धातूचा अर्थ शोक करणे, विलाप करणे असा आहे. त्या शोकाच्या जवळच कृपेचा उगम आहे. दुसऱ्याची दशा पाहून आपले मन व्याकूळ होणे, हा कृपेचा जुना अर्थ होय. भगवद्गीतेच्या आरंभी रणांगणात उभ्या असलेल्या अर्जुनाने समोर आपलेच आप्त पाहिले, तेव्हा त्याची जी अवस्था झाली ती सांगताना हाच शब्द आला आहे. तेथे अर्जुन कोणावर प्रसाद करीत नव्हता. त्याचे गात्र न् गात्र गळून गेले होते. तात्पर्य, जुन्या अर्थाची कृपा उंच आसनावर बसून करता येत नाही. ती करणाऱ्याचे स्वतःचे काहीतरी हलते, दुखते.

ही गोष्ट केवळ आपल्याच भाषेत घडली असे नाही. इंग्रजी भाषेत रूथ असा एक जुना शब्द होता. त्याचा अर्थ दया, कळवळा. ज्या क्रियापदापासून तो झाला, त्या रू या क्रियापदाचा अर्थ पश्चात्ताप करणे, दुःख करणे असाच आहे. म्हणजे तिकडेही दयेचे मूळ दुःखातच सापडते. पुढे हा शब्द इंग्रजांच्या बोलण्यातून जवळजवळ नाहीसा झाला; मात्र रूथलेस, म्हणजे निर्दय, हा त्याचा उलट शब्द जिवंत राहिला. गंमत अशी की रूथ हे स्त्रीचे नावही आहे. ते नाव इंग्रजी नव्हे, हिब्रू भाषेतून बायबलाच्या द्वारे आलेले आहे आणि महाराष्ट्रातील ख्रिस्ती कुटुंबांतही ते ठेवतात. बायबलातील रूथ ही परदेशी विधवा आपल्या निराधार सासूला एकटी न टाकता तिच्याबरोबर परक्या गावी गेली आणि शेतात पडलेली कणसे वेचून तिने दोघींचे पोट भरले. शब्द एका भाषेतला, नाव दुसऱ्या भाषेतले; दोन्हींचा उच्चार एक व्हावा आणि त्या बाईच्या कथेत त्या शब्दाचा अर्थही भरलेला असावा, हा योगायोग खरोखर सुंदर आहे.

दयेचा शब्द मागे पडावा आणि निर्दयतेचा शब्द मात्र टिकावा, हे ऐकून इंग्रजांना हसण्याचे कारण नाही. आपल्या मराठीतही निर्दय हा शब्द लहान मुलालादेखील कळतो. पण त्याच्या जोडीचा सदय हा शब्द केवळ पुस्तकात उरला आहे. कणव हा जुन्या मराठीतील दयेचा किती मृदू शब्द! तोही आता बोलण्यात क्वचितच ऐकू येतो. असे का व्हावे? निर्दयतेचा अनुभव माणसाच्या मनात रुतून बसतो, म्हणून त्याचे नाव तो विसरत नाही. दयेचा अनुभव घेऊन तो पुढे निघून जातो. हे कारण असो वा नसो, आपण शब्द जपले नाहीत तर ते राहत नाहीत, एवढे खरे.

संस्कृतातून मराठीत येताना कृपेचे काय झाले, हेही पाहण्यासारखे आहे. कृपा हा शब्द जसाच्या तसा आपण ठेविलाच; पण लोकांच्या तोंडी त्याचे दुसरेही एक रूप तयार झाले. शृंगाचे शिंग झाले, दृष्टीची दिठी झाली. त्याचप्रमाणे कृ चा कि झाला. दीपाचा दिवा झाला, तापाचा ताव झाला. त्याचप्रमाणे प चा व झाला. प्राकृतात किवा आणि मराठीत कीव, असा हा प्रवास आहे. म्हणजे कृपा आणि कीव या सख्ख्या बहिणी होत. तरी दोघींच्या वाट्याला किती निरनिराळे भाग्य आले! देवाने आपल्यावर कृपा करावी असे आपल्याला वाटते. पण कोणी आपली कीव केली तर ते आपल्याला सहन होत नाही. मला तुझी कीव येते, या वाक्यात आज दयेपेक्षा तुच्छताच अधिक असते.

लोणारच्या विवरात उतरणाऱ्या माणसाला याची खूण तेथेच पटेल. विवराच्या काठावर गोड्या पाण्याची धार बारा महिने वाहत असते. यात्रेकरू तिच्याखाली स्नान करतात, ओंजळीने ते पाणी पितात. तेच उतरण उतरून खाली गेले की सरोवराचे पाणी असे खारे, की ते तोंडात धरवत नाही. विवर एकच, पण पाणी दोन चवींचे. कृपा आणि कीव यांचेही तसेच आहे. मी आणि तू एकाच दुःखाचे धनी आहोत असे समजून जे मन द्रवते, ती कृपा. मी वर आणि तू खाली असे मानून जे हळहळते, ती आजची कीव. मनातील भाव बदलला की एकाच धातूच्या शब्दांची चव बदलते.

कृपण या शब्दाची कथा याहून विचित्र आहे. आज कृपण म्हणजे चिक्कू, पैसा असून खर्च न करणारा. मूळ अर्थ मात्र दीन, ज्याची दशा पाहून दया यावी असा. उपनिषदात आणि गीतेत हा शब्द त्याच अर्थी येतो. ज्याच्यापाशी सर्व काही आहे, पण ज्याच्या हातून कोणासाठी काहीच सुटत नाही, त्या माणसाइतका दीन दुसरा कोण, असे पूर्वीच्या लोकांना वाटले असावे. म्हणून दीनाचा शब्द चिक्कूला चिकटला. कृपया या शब्दाची तर आपण रोज भेट घेतो. कृपया रांगेत उभे राहावे, कृपया फुले तोडू नयेत, कृपया शांतता राखावी. कृपया म्हणजे कृपेने, आपल्या मनात कृपा आणून. रुग्णालयाच्या भिंतीवरील ती पाटी आपल्याला सांगत असते की, आत कोणी वेदनेने तळमळत आहे, त्याच्यासाठी आपल्या मनात थोडी कृपा येऊ द्या. ती पाटी वाचूनही आपण मोठ्याने बोलत राहतो, कारण शब्द डोळ्यांनी वाचला जातो आणि त्याचा अर्थ मनापर्यंत पोहोचत नाही.

कृपेचे इतरही आप्त आहेत. दया, करुणा, अनुकंपा हे शब्द आपण एकमेकांच्या जागी वापरतो. तरी त्यांच्यात सूक्ष्म भेद आहेत. अनुकंपा म्हणजे एक थरथरला की त्याच्या मागोमाग दुसऱ्यानेही थरथरणे. घरचा कर्ता माणूस सरकारी नोकरीत असताना वारला, तर त्याच्या वारसाला अनुकंपा तत्त्वावर नोकरी देतात; कार्यालयातील त्या रुक्ष कागदावरही हा जुना, थरथरणारा शब्द बसला आहे. करुणेला बौद्ध धर्मात फार वरचे स्थान आहे. मैत्री, करुणा, मुदिता आणि उपेक्षा या चार भावना तेथे एकत्र सांगितल्या जातात. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे आपल्या लक्षावधी अनुयायांसह बौद्ध धर्माचा स्वीकार केला आणि ही शिकवण महाराष्ट्रातील घराघरांत पोहोचली. कृपा, करुणा, दया ही नावे आज आपण मुलींना ठेवतो. तुमच्या शाळेच्या हजेरीपटावरही यांपैकी एखादे नाव असेल.

आता आपण पुन्हा कृपाचार्यांकडे वळू. कारण ज्याच्या नावातच कृपा होती, त्याच्या जीवनात ती कितपत उतरली, हा प्रश्न राहिलाच आहे.

महाभारत या प्रश्नाचे उत्तर लपवीत नाही. राजपुत्रांचे शिक्षण संपल्यावर हस्तिनापुरात त्यांच्या अस्त्रविद्येची परीक्षा झाली. अर्जुनाने आपले कौशल्य दाखवून सर्वांना थक्क केले. इतक्यात कर्ण रंगमंडपात आला आणि त्याने अर्जुनाला द्वंद्वाचे आव्हान दिले. तेव्हा कृपाचार्य पुढे झाले. हा अर्जुन कुंतीचा पुत्र आणि कुरुकुळातील आहे. तूही आपले माता-पिता आणि कुळ सांग. ते कळल्यावर हा तुझ्याशी लढेल किंवा न लढेल, अशा आशयाचे बोलणे त्यांनी केले. कर्णाची मान खाली गेली. नदीच्या प्रवाहात सोडलेले आणि सारथ्याच्या घरी वाढलेले ते मूल काय उत्तर देणार होते?

राजपुत्रांच्या द्वंद्वाचे नियम तसेच होते आणि कृपाचार्य त्या नियमांना धरूनच बोलले, हे खरे. तरी मन क्षणभर थांबतेच. एक बालक गवताच्या बेटात सापडले, दुसरे नदीच्या पाण्यात. पहिल्याला शंतनूने उचलले, तेव्हा कुळाची चौकशी पुरी होण्याची वाट पाहिली नाही. त्याच बालकाने मोठे होऊन दुसऱ्याला भरसभेत कुळ विचारले. त्या एका प्रश्नाने कर्णाच्या मनात जो सल राहिला आणि दुर्योधनाने त्याच क्षणी त्याला अंगदेशाचे राज्य देऊन जो आपलासा केला, त्याचे परिणाम आपणा सर्वांना ठाऊक आहेत.

दुसरा प्रसंग युद्धाच्या अखेरीचा. दुर्योधन मांडी मोडून पडला होता. कौरवांच्या बाजूचे अश्वत्थामा, कृप आणि कृतवर्मा असे तीनच वीर उरले होते. पित्याच्या वधाने पेटलेल्या अश्वत्थाम्याने झोपलेल्या शत्रूंना रात्रीच ठार मारण्याचा बेत केला. कृपाचार्यांनी आपल्या या भाच्याला परोपरीने समजाविले. झोपलेल्याला मारणे धर्म नव्हे. आज विश्रांती घे, वडीलधाऱ्यांचा सल्ला घे, उद्या उजेडात लढू, असे त्यांनी सांगितले. त्या क्षणी त्यांच्या नावातील कृपा जागी झाली होती. पण अश्वत्थामा ऐकेना. तो निघाला आणि कृपाचार्यही त्याच्या पाठोपाठ गेले. अश्वत्थामा शिबिरात शिरला; कृप आणि कृतवर्मा द्वारावर उभे राहिले आणि भयाने बाहेर पळणाऱ्यांना त्यांनी तेथेच मारले. नंतर शिबिराला आगही लावली. वाईट काय ते कळत होते, तोंडाने सांगितलेही; पण पाऊल मात्र त्याच वाटेने पडले. कृपा नुसती मनात येऊन भागत नाही. ती पाऊल अडवू शकली पाहिजे, हा या प्रसंगाचा बोध आहे.

तथापि महाभारतकारांनी कृपाचार्यांची कथा त्या रात्रीपाशी संपविलेली नाही. पांडव राज्य सोडून महाप्रस्थानास निघाले, तेव्हा युधिष्ठिराने आपल्या वंशातील एकुलता एक अंकुर जो परीक्षित, तो शिष्य म्हणून कृपाचार्यांच्याच हाती सोपविला. ज्याने आपल्या शिबिराच्या दारात शस्त्र चालविले, त्याच्याच हाती आपला नातू द्यावा, याला केवढे मन लागले असेल! येथे कृपा युधिष्ठिराची होती. आणि पुन्हा एकदा तिचा लाभ कृपालाच झाला. आयुष्याच्या आरंभी एका राजाने आणि उतारवयात दुसऱ्या राजाने त्यांचे नाव सार्थ केले.

नाव हे असे दुसऱ्याच्या हाती असते. आपले नाव आपण ठेवीत नाही. जन्मलेल्या मुलाशी वडीलधाऱ्यांनी केलेला तो पहिला व्यवहार असतो. तो कृपेचा असू शकतो, तसा निष्ठुरतेचाही असू शकतो. आपल्याकडे आधीची मुले दगावली म्हणजे पुढच्या मुलाला दगडू, धोंडू, केरू अशी नावे मुद्दाम ठेवीत. दगडाला किंवा केराला मृत्यू कशाला नेईल, अशी त्यांची भाबडी आशा असे. त्या ओबडधोबड नावांच्या आत आईबापांचे भय आणि प्रेम लपलेले होते. परंतु दुसरीही एक बाजू होती. शूद्राचे नाव निंदासूचक असावे, असे मनुस्मृतीत सांगितले आहे. समाजाने ज्यांना खाली लोटले, त्यांच्यापैकी कित्येकांना हीन अर्थाची नावे घेऊनच आयुष्य काढावे लागले. अशाच एका वस्तीत दगडू मारुती पवार नावाचा मुलगा वाढला. तोच पुढे दया पवार या नावाने कवी आणि लेखक म्हणून प्रसिद्ध झाला. त्यांचे बलुतं हे आत्मकथन १९७८ साली प्रकाशित झाले. त्यात दगडू पवार आपली कहाणी दया पवारांना सांगतो, अशी रचना आहे. माणूस एकच, नावे दोन. एका नावात दगड, दुसऱ्यात दया. आणि त्या दोहोंमधील अंतर तोडण्यास किती सोसावे लागले, ते त्या पुस्तकात लिहिलेले आहे.

याहून कठोर नाव म्हणजे नकुशी किंवा नकोशी. मुलगा व्हावा अशी आस असलेल्या घरात मुलीमागून मुलगी जन्मली, की तिला काही ठिकाणी हे नाव ठेवीत. नको असलेली, असा त्याचा उघड अर्थ. ती मुलगी शाळेत गेली की गुरुजी त्याच नावाने हजेरी घेणार, मैत्रिणी त्याच नावाने हाक मारणार. शंतनूच्या मुलाला प्रत्येक हाक सांगत होती की, तुला कोणीतरी हवेसे मानून उचलले. या मुलीला प्रत्येक हाक उलट सांगत होती. सातारा जिल्ह्यात अशा मुलींचा शोध घेण्यात आला आणि ऑक्टोबर २०११ मध्ये एका समारंभात २८० हून अधिक मुलींना नवी नावे देण्यात आली. नव्या नावांची प्रमाणपत्रे त्यांच्या हाती पडली. कित्येकींनी आपली नावे स्वतः निवडली. एका नावाने सारे दुःख जात नाही, घरातील वागणूकही एका दिवसात पालटत नाही. पण रोज शंभर वेळा कानांवर पडणारा एक घाव थांबला, हे काही थोडे नव्हे. कृपा या शब्दाचा जो जुना अर्थ आपण पाहिला, त्या अर्थाने हे कृपेचे काम होते.

मुलांनो, आपले नाव आपण ठेवीत नसलो, तरी दुसऱ्याला कोणत्या नावाने हाक मारावी, हे मात्र सर्वस्वी आपल्या हाती असते. वर्गात कोणी पायाने अधू असतो, कोणी तोतरा बोलतो, कोणाचा रंग सावळा असतो, कोणाच्या वडिलांचा धंदा इतरांना हलका वाटतो. त्यावरून एखादे टोपणनाव पडते. पहिल्या दिवशी सगळे हसतात; दुसऱ्या दिवशी ते नाव कायम होते आणि त्या मुलाच्या मनात कर्णासारखा सल राहून जातो. कोणी असे नाव उच्चारले, तर आपण त्याला खऱ्या नावाने हाक मारावी. यासाठी राजा असावे लागत नाही, धन लागत नाही की बळही लागत नाही.

नवा मुलगा वर्गात आला म्हणजे आपण त्याला सहज विचारतो, तू कोणाचा, कोणत्या आळीतला, वडील काय करतात? ओळख करून घेण्यासाठी असे विचारण्यात गैर काही नाही. पण तो प्रश्न विचारून आपण काय करणार आहोत, हे आधी आपल्या मनाला विचारून पाहावे. रंगमंडपात कृपाचार्यांनी तो प्रश्न विचारला आणि एका शूराची मान खाली गेली. गवताच्या बेटाकडे पाहताना शंतनूला तो प्रश्न पडला नव्हता असे नाही. पण उत्तर मिळण्याची वाट न पाहता त्याने आधी मुलांना उचलून घेतले.